टाळूची खिडकी

आज आम्ही बाळाच्या टाळूविषयी बोलणार आहोत.

तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पुढे मऊ जागा असते. तीच टाळू. तिथं हाड भरलेलं नसतं. साधारण दीड वर्षापर्यंत ती भरून येते.

बाळ शांत असताना त्याला उभं धरा आणि टाळूवर हलकं बोट ठेवून बघा. ती फुगलेली, ताठ लागली तर मेंदूवर दाब वाढलेला असू शकतो. डोकं भराभर वाढणं, दूध न ओढणं, सारखी ओकारी, झटके, याही खुणाच. मग डाग देऊ नका, अंगारा लावून वाट बघू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे.

डॉक्टर टाळूवर सोनोग्राफी करतात. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी टाळूतून आत जातात. हाडातून त्या नीट जात नाहीत. मेंदूत पाणी साठलं का, रक्तस्राव झाला का, ते पडद्यावर दिसतं. सुई नाही, दुखणं नाही. पाणी साठलं असेल तर शस्त्रक्रिया करून ते नळीनं पोटात उतरवता येतं.

याच यंत्राचा बीड जिल्ह्यात गैरवापर झाला. गर्भाचं लिंग सांगणं १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या १००० मुलांमागे मुली फक्त ८०७! दोष यंत्राचा नव्हे, माणसाचा. आम्ही म्हणतो, मुलगा असो की मुलगी, याच यंत्रानं आता लेकरं वाचवू या.