आपल्यावाचून अडू नये

शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी, पतसंस्थांचे व्यवस्थापक, सेवा सोसायट्यांचे गटसचिव, बचत गटांच्या ग्रामसंघांतून आलेल्या ताई आणि माझ्या बीबीकर मंडळींनो,

स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचं बीबीत मनापासून स्वागत करतो.

व्यवस्थापनाची परिषद म्हटली की पुण्या-मुंबईचं थंडगार सभागृह डोळ्यांपुढे येतं. आम्ही मंडप घातला आहे, पंखे लावले आहेत आणि वीज गेली तर जनरेटर तयार ठेवला आहे. ही परिषद लोणार तालुक्यातल्या आमच्या गावात का, असं काहींनी विचारलं. आमचं उत्तर साधं आहे. माणसं आणि काम सांभाळण्याचे मोठे धडे याच जिल्ह्याच्या मातीशी जोडलेले आहेत. ते आपण कारभार म्हणून वाचत नाही, एवढंच.

आमच्या एका अंगाला सिंदखेडराजा आहे, जिजाऊ माँसाहेबांचं जन्मगाव. आपण दर बारा जानेवारीला तिथे डोकं टेकतो. पण सन १६६६ आठवून पाहा. पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेलेले, त्याला वर्षही झालेलं नाही आणि शिवाजीमहाराज आग्र्याला निघाले. बारा मे रोजी दरबार झाला, पुढे नजरकैद आली, सतरा ऑगस्टला महाराज निसटले. राज्याचा मुख्य माणूस कित्येक महिने शेकडो कोसांवर अडकलेला, परत येईल की नाही याचीही खात्री नाही. मागे कारभार जिजाऊंच्या हाती होता, सोबत मोरोपंत पिंगळ्यांसारखी माणसं होती. राज्य कोसळलं नाही. महाराजांचा पराक्रम आपण नेहमी सांगतो. ते नसतानाही राज्य चालावं अशी माणसं त्यांनी आधीच उभी केली होती, हाही त्यांचाच पराक्रम.

दुसऱ्या अंगाला, मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रम. शुकदास महाराजांनी १९६५ साली तिथे विवेकानंद आश्रम सुरू केला. विवेकानंद जयंतीची तिथली पंगत तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवली आहे. रानात माणसांच्या रांगाच रांगा बसतात आणि पुरी-भाजी ट्रॅक्टरमधून येते. हे भक्तीने होतं हे खरं, पण नुसत्या भक्तीने पुरी शेवटच्या रांगेपर्यंत गरम पोचत नाही. कोणता ट्रॅक्टर कोणत्या रांगेत जाणार, कोण वाढणार, कोणी मागे हटायचं, हे आधी ठरलेलं असतं. शुकदास महाराज २०१७ साली गेले. पंगत थांबली नाही.

तिसरं नाव शेगावचं. गजानन महाराज संस्थानाचे शिवशंकरभाऊ पाटील ४ ऑगस्ट २०२१ रोजी गेले, तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांतल्या लोकांनीही हळहळ व्यक्त केली. मानधन न घेता त्यांनी कित्येक दशकं संस्थान सांभाळलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यांच्या काळातली सेवेकऱ्यांची पाळी जास्त महत्त्वाची वाटते. गावोगावची माणसं ठरलेल्या दिवसांसाठी येतात, नेमून दिलेलं काम करतात आणि परत जातात. काम करणारी माणसं सतत बदलतात, तरी झाडलोट, रांग आणि प्रसाद यांचा दर्जा बदलत नाही. कारण काम माणसाच्या स्वभावावर सोडलेलं नाही, ते रीतीत बांधलेलं आहे.

मंडळी, या तिन्हींमधून मला एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवायची आहे. आपल्यावाचून अडतं, याचा आपल्याला फार अभिमान असतो. "साहेब नसले की ऑफिसचं पान हलत नाही," असं कोणी म्हटलं की छाती फुगते. खरं तर तिथे आपण काळजीत पडायला हवं. जो व्यवस्थापक पंधरा दिवस नसला तरी काटा चालू राहतो, पावती फाटते आणि शेतकऱ्याचे पैसे वेळेवर खात्यात पडतात, तो मोठा व्यवस्थापक.

आता हे करायचं कसं? आपल्यासारख्या ठिकाणी पहिली अडचण नात्याची असते. शहरातल्या कंपनीत समोरचा ग्राहक असतो, आपल्याकडे तो काका, मामा नाहीतर बायकोच्या माहेरचा असतो. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची ट्रॉली काट्यावर उभी राहते. ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा, मशीन चौदा दाखवतं, आणि काका म्हणतात, "घरचाच माल आहे, घे करून." त्या क्षणी व्यवस्थापकाचं धैर्य पाहू नका, त्याच्या मागची भिंत पाहा. ओलाव्याची मर्यादा, चाळणीनंतरची घट आणि माल परत नेण्याचा नियम हंगामाआधी संचालक मंडळाने ठराव करून भिंतीवर लावला असेल, तर त्याला काकांशी भांडावं लागत नाही. "काका, वाळवून आणा, तुमचा नंबर मी राखून ठेवतो," एवढं म्हणता येतं. नियम आधी, माणूस नंतर. त्या क्रमानेच नातंही टिकतं.

दुसरी अडचण वेळेची. हेन्री मिंट्झबर्ग या कॅनडाच्या अभ्यासकाने पाच बड्या अधिकाऱ्यांचे दिवस जवळून पाहिले आणि १९७३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांच्या हातची निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत संपत होती. म्हणजे सतत मोडता दिवस हा मोठ्या पदांचाही भोग आहे. तेव्हा तर मोबाइलही नव्हता! म्हणून निवांत वेळ मिळेल याची वाट पाहू नका. एक आठवडा वहीत लिहा: कोण काय विचारायला आलं. त्यातली जी विचारणा तिसऱ्यांदा येईल, तिचं उत्तर कागदावर उतरवून सहकाऱ्याच्या हाती द्या. बारदाना कोणाला द्यायचा, उधारी किती दिवसांची, हमालीचा दर काय, हे रोज तुम्हालाच विचारावं लागत असेल, तर तुम्ही व्यवस्थापक नाही, चौकशीची खिडकी आहात.

तिसरी गोष्ट हाताखालच्या माणसाची. काम सोपवणं म्हणजे काम टाकणं नव्हे. काय हवं, कधीपर्यंत हवं आणि किती रकमेपर्यंतचा निर्णय त्याने एकट्याने घ्यायचा, या तीन गोष्टी स्पष्ट सांगा. मग मधूनमधून डोकावा, पण हातातलं काम हिसकावू नका. चुकलं तर दार लावून सांगा, जमलं तर चारचौघांत सांगा. आपल्याकडे नेमकं उलट होतं. चूक काट्यावर सर्वांसमोर ओरडून सांगितली जाते आणि कौतुक मनातच राहतं.

इथे संचालक मंडळींनाही दोन शब्द. २००३ साली उत्पादक कंपनीचा कायदा आला. पूर्णवेळ मुख्य कार्यकारी नेमावा आणि तो सभासदांबाहेरचा असावा, असं तो सांगतो. हाच अधिकारी पदसिद्ध संचालकही असतो. कायद्याने त्याला तुमच्या बरोबरीने बसवलं आहे, तर त्याला निरोप्या करू नका. धोरण तुम्ही ठरवा, रोजचा कारभार त्याला करू द्या. एकाच मजुराला अध्यक्ष एक सांगतात आणि व्यवस्थापक दुसरं, तेव्हा मजूर कोणाचंच ऐकत नाही. दुसरं म्हणजे, शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठीच्या केंद्राच्या २०२० च्या योजनेत कंपनीला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत मिळते. चौथ्या वर्षी पगार कुठून द्यायचा, याचा हिशोब पहिल्याच वर्षी मांडा. अनुदान संपलं म्हणून चांगला पोरगा शहरात निघून गेला, तर दोष पोराचा नाही.

आणि माझ्या तरुण व्यवस्थापक मित्रांनो, मुलींनो, तुमच्याबद्दल. आपल्या संस्था लहान आहेत. इथे बढतीची शिडी दोन पायऱ्यांत संपते. म्हणून वाढायचं ते रुंदीने. ताळेबंद स्वतः वाचायला शिका, सनदी लेखापालाच्या सहीवर थांबू नका. वखारीची पावती, तारण कर्ज, खरेदीदाराशी करार, जीएसटीचं विवरण, यातलं दरवर्षी एक नवं अंग हाताखालून घाला. पुण्याच्या वैकुंठ मेहता संस्थेसारख्या ठिकाणी सहकारी व्यवस्थापनाचं प्रशिक्षण मिळतं. त्यासाठी सुट्टी आणि खर्च मागा, लेखी मागा. आपण काय केलं हे आकड्यांत लिहून ठेवा. "खूप मेहनत घेतली" याला पगारवाढीच्या बैठकीत वजन नसतं. "घट इतकी होती, इतक्यावर आणली" याला असतं. आणि वाईट बातमी सर्वांत आधी अध्यक्षांना तुमच्याच तोंडून कळू द्या. ती बाजारातून कळली, की तुमच्या पुढच्या चांगल्या बातमीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

एक शंका मला ठाऊक आहे. "सगळं दुसऱ्याला शिकवलं, तर माझी किंमत काय?" आपल्या जागी माणूस तयार नाही म्हणून कित्येकांना मोठी जबाबदारी नाकारली जाते, हे लक्षात घ्या. ज्याची खुर्ची सांभाळायला कोणी नाही, त्याला त्या खुर्चीतून उठवायला कोणी धजत नाही. लोणार, मेहकर, सिंदखेडराजा या आपल्या तालुक्यांतून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेला. मुंबई-नागपूरचे खरेदीदार आता जवळ आले. उद्या चार कंपन्यांचा एकत्र माल पाठवायचा झाला, तर ते काम कोण करणार? जो आपली कंपनी दुसऱ्याच्या हाती निर्धास्त सोपवू शकतो, तोच.

नोंदणीच्या वेळी आपल्याला एक वही दिली आहे. तिच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहा, ही यजमानांची विनंती. मी उद्यापासून पंधरा दिवस नसलो, तर कोणतं काम अडेल? आणि ते कोणाला शिकवायला मी सोमवारपासून सुरुवात करीन? तिथे नाव घाला, पद नको. समारोपाच्या सत्रात ही पानं आपण मोठ्याने वाचणार आहोत.

दुपारी ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा आहे. राहण्याची सोय गावातल्या घरांत केली आहे. काही उणं वाटलं तर परक्यासारखं गप्प बसू नका, हक्काने सांगा. पुन्हा एकदा आपलं सर्वांचं स्वागत करतो आणि अध्यक्ष महोदयांना परिषदेचं कामकाज सुरू करण्याची विनंती करतो.