गारांच्या दुपारी घराबाहेर पडताना

आपल्या धाराशिवला बर्फ पडत नाही. आपल्याकडे आभाळातून पडतात त्या गारा. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यातली शिवारं गारांनी पांढरी झाली. काढणीला आलेली ज्वारी आडवी झाली, द्राक्षबागा झोडपल्या गेल्या.

गारपीट बहुधा दुपारनंतरच येते. सकाळपासून तापलेली हवा वर चढते, ढगात पाण्याचे थेंब गोठतात आणि वर-खाली होत जड होतात. म्हणून गारपिटीच्या दिवसांत बाजारहाट, दळण, बँकेची कामं सकाळीच उरका. दुचाकीवर असताना गारा सुरू झाल्या, तर हेल्मेट काढू नका. पक्क्या इमारतीत थांबा. झाडाखाली मात्र मुळीच नको, कारण गारांसोबत वीजही असते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप विजेची आगाऊ सूचना देतं. ते मोबाइलवर घेऊन ठेवा. गारा थांबल्या तरी विजेचा कडकडाट ऐकू येत असेल, तर रानाकडे धावू नका. जनावरं आभाळ भरून येतानाच गोठ्यात बांधा. आणि शेजारी म्हातारं माणूस एकटं असेल, तर त्यांचं औषध, दूध सकाळीच आणून द्या.