सहल साऱ्या घराची

खानदेशातून सुरतेस येऊन स्थायिक झालेल्या माणसाला सुटी म्हणजे गाव, हे कोणी शिकवावे लागत नाही. उधना, लिंबायत, डिंडोली आणि गोडादरा या भागांतील मराठी कुटुंबे दिवाळी आली की उधना–जळगाव मार्गावरची गाडी पकडतात आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव अशा एकेका स्टेशनावर उतरत जातात. कापडबाजार लाभपंचमीपर्यंत बंद असतो. तेवढ्या अवधीत वडीलधाऱ्यांची भेट, भाऊबीज, शेताची पाहणी आणि जमल्यास एखाद्या सोयरिकीची बोलणी, एवढे सारे उरकावयाचे असते. अलीकडे मात्र घराघरांतून एक नवा प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. मुले म्हणतात, "गावाला तर दरवर्षी जातो; एकदा इमॅजिकाला का जाऊ नये?" प्रश्न सरळ आहे, पण त्याचे उत्तर देताना घरातील प्रत्येक माणसाचे स्थान कोणते, हेही नकळत ठरत असते. म्हणून त्याचा थोडा सविस्तर विचार करणे इष्ट होईल.

पाळण्यात बसण्याची हौस आपल्या लोकांना नवी नाही. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्यास घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा उंच पाळणेही उभे राहतात. वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. सप्टेंबरात वांद्र्यास मोतमाउलीची जत्रा असते आणि तेथे मेणबत्ती लावावयास आलेले कुटुंब परतताना मुलांना चक्रात बसवून, हातात गोड खाऊ देऊनच घरी नेते. या सर्व जत्रांत एक गोष्ट समान आहे. पैसे मोजावे लागतात ते पाळण्यात बसणाऱ्याला. खाली उभे राहून पाहणाऱ्याला काही पडत नाही. आजी पदराची झळ सावरीत उभी राहते, वर गेलेल्या नातवाला हाक मारते, आणि तिची जत्रा फुकटात होते.

आजच्या भव्य क्रीडोद्यानाची घडण याहून निराळी आहे. त्याचा इतिहास पाहिला तर मोठी मौजेची गोष्ट आढळते. वॉल्ट डिस्ने हा चित्रपटकार आपल्या दोन लहान मुलींना लॉस एंजलिस येथील ग्रिफिथ पार्कमधील फिरत्या घोड्यांवर बसवावयास नेत असे. मुली घोड्यांवर आणि वडील बाकावर शेंगदाणे खात बसलेले. आईबापांना आणि मुलांना एकत्र रमता येईल असे स्थळ का असू नये, हा विचार त्याला तेथे सुचला, असे त्याने स्वतःच पुढे सांगितले आहे. त्यातून १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे डिस्नीलँड सुरू झाले. म्हणजे जगातील या सर्वांत प्रसिद्ध उद्यानाची कल्पना बाकावर बसून राहावे लागणाऱ्या माणसाच्या मनात जन्मली.

आरंभी तेथेही व्यवस्था जत्रेसारखीच होती. प्रौढ माणसाला दारावर एक डॉलर पडे आणि आतील खेळांची तिकिटे वेगळी घ्यावी लागत. १९८२ साली ही पद्धत बंद झाली आणि दारावरच दिवसभराचे एकच तिकीट घेण्याची रीत कायम झाली. दुसरा बदल जागेचा. ॲनाहाइमच्या उद्यानाभोवती इतरांची हॉटेले उभी राहिली आणि पाहुण्यांच्या मुक्कामाचा पैसा त्यांच्या हाती गेला. म्हणून फ्लॉरिडात हजारो एकर जमीन आधीच घेऊन ठेवण्यात आली आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी तेथे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडले ते स्वतःच्या हॉटेलांसह. डिस्ने त्यापूर्वीच, १९६६ साली, निवर्तला होता. खेळ, जेवण आणि मुक्काम एकाच आवारात, हा आजच्या 'रिसॉर्ट'चा नमुना तेथून रूढ झाला.

महाराष्ट्रात या मार्गावरचे एक मोठे पाऊल १९८९ साली पडले. त्या वर्षी मुंबईजवळ गोराईस एस्सेलवर्ल्ड सुरू झाले आणि खाडी ओलांडून तेथे जाणे हा एका पिढीच्या बालपणाचा सोहळा होऊन बसला. पुढे २०१३ साली चित्रपट व्यवसायातील मनमोहन शेट्टी यांनी रायगड जिल्ह्यात खोपोली–पाली रस्त्यावर इमॅजिका उभारले. नंतर त्याला जलक्रीडेचे उद्यान आणि हॉटेल यांची जोड मिळाली. २०२२ साली संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाकडे त्याची सूत्रे आली. सुरतेच्या मराठी माणसाला डिस्नेचे नगर दूर असले, तरी त्याचा हा देशी अवतार एका दिवसाच्या प्रवासाच्या टप्प्यात आहे. साहजिकच मुलांचे बोट त्याकडे वळते.

आता गोडादऱ्यातील एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. वडील रिंग रोडच्या कापडबाजारात पार्सलच्या कामावर आहेत. आई घरबसल्या साड्यांना लेस आणि टिक्या लावते. तिचे पैसे नगावर मिळतात. मुलगी नववीत, मुलगा तिसरीत, आणि गुडघ्यांनी थकलेली आजी. आईने भिशीचे पैसे यंदा सहलीसाठी राखून ठेवले आहेत. एका संध्याकाळी वही उघडून सारे बसतात. वहीच्या पहिल्या पानावर मुलगी प्रवेशाचे दर लिहिते आणि घरात आनंदीआनंद होतो. दर पाहून आई मात्र मनाशी तेवढ्या पैशांच्या साड्या मोजू लागते. तिचे हे गणित कंजूषपणाचे म्हणता येणार नाही. सहलीचा खर्च श्रमाच्या मापात मोजणारे माणूस घरात असले, म्हणजे कर्ज काढून मौज करण्याची पाळी येत नाही. हप्त्याने फेडावयाची सहल ही विसरली गेल्यानंतरही खिसा कापीत राहते.

आईच्या हिशेबातून पहिली गोष्ट दिसून येते ती अशी की, प्रवेशाचे तिकीट हा खर्चाचा केवळ एक भाग आहे. सुरत ते मुंबई रेल्वेने २६३ किलोमीटर. दादरला उतरून, पूल ओलांडून मध्य रेल्वे गाठावी. कर्जतहून खोपोलीस फाटा जातो. आणि खोपोलीहून पुन्हा वाहन. थकलेल्या माणसाला हा प्रवास जिन्याजिन्यावर परीक्षा पाहणारा आहे. त्यापेक्षा शेजारच्या एखाद्या कुटुंबाबरोबर गाडी ठरवून खर्च वाटून घेणे कित्येकदा बरे पडते. ज्या दिवशी प्रवास, त्याच दिवशी उद्यान, असा बेत तर कधीच करू नये. रात्रभर जागून आलेले मूल दुपारी बारा वाजता रडू लागते आणि दिवसाच्या तिकिटाचा अर्धा भाग वाया जातो. मुक्काम उद्यानालगतच्या हॉटेलात करावा की खोपोलीतील साध्या लॉजमध्ये, हे आपल्या ऐपतीवर ठरवावे. मात्र जागा आधी राखून ठेवावी.

दुसरा प्रश्न दिवसांचा. सुटीच्या ऐन भरात गर्दी अधिक, आणि अशा ठिकाणी दरही बहुधा दिवसागणिक बदलतात. गर्दीच्या दिवशी एका खेळापुढे तासभर रांगेत उभे राहावे लागले, तर पूर्ण पैसे भरून चार-पाचच खेळ पदरात पडतात. गोडादऱ्याच्या कुटुंबाला येथे एक सोय आहे. गुजरातेतील शाळांना दिवाळीची सुटी तीन आठवड्यांची असते. लाभपंचमीला बाजार उघडला तरी गावाला गेलेले कामगार परतेपर्यंत कामाला जोर नसतो. तेव्हा आधी गाव करावे, भाऊबीज पदरात घ्यावी आणि त्यानंतरच्या आठवड्यातील मधला वार सहलीसाठी धरावा. गावाला न जाता उद्यानाला जाणे हा व्यवहार मात्र महाग पडतो. त्याची किंमत रुपयांत दिसत नाही एवढेच. पावसाळ्यात घाटाच्या पायथ्याचा तो मुलूख हिरवागार असतो खरा, परंतु धो धो पावसात उघड्यावरील खेळ थांबवावे लागतात, हेही ध्यानी ठेवावे.

काही तयारी घरीच होण्यासारखी आहे. मोठ्या खेळांना उंचीची अट असते. मुलाला तेथे मोजपट्टीपाशी नेऊन, रांगेतील शंभर लोकांसमक्ष परत फिरविणे फार कष्टाचे होते. म्हणून अटी आधी पाहाव्या, आईच्या टेपने मुलाची उंची भिंतीवर मांडावी आणि कोणते खेळ आपले, कोणते पुढल्या वर्षाचे, हे त्याला घरीच समजावून सांगावे. हृदयविकार, रक्तदाब किंवा पाठीचे दुखणे असलेल्यांनी वेगवान खेळांपासून दूर राहावे. जलक्रीडेत सुती कपडे चालत नाहीत; नायलॉनचे लागतात. सुरतेसारख्या कृत्रिम धाग्याच्या शहरात राहून तेथे ते भाड्याने घेण्यासारखे हसे दुसरे नाही. बाहेरचे खाद्यपदार्थ बहुतेक उद्यानांत आत नेऊ देत नाहीत, तेव्हा जेवणाचा खर्च वहीत धरावाच. औषधे आणि आजारी माणसाचे पथ्याचे अन्न यांविषयी आधी विचारून ठेवावे. मुलाच्या खिशात फोन क्रमांकाची चिठ्ठी असावी आणि चुकामूक झाल्यास भेटण्याची जागा आत शिरताच ठरवावी.

सुरक्षिततेचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादेस कांकरिया येथे एक खेळ चालू असताना मोडून पडला आणि जीवितहानी झाली. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या एका गेम झोनला लागलेल्या आगीत २७ माणसे दगावली. म्हणून बंदिस्त जागेत शिरताना बाहेर पडण्याचे दुसरे दार कोठे आहे हे पाहण्याची सवय मुलांनाही लावावी. पट्टा नीट बसला नसेल तर चालकास हटकण्याचा संकोच करू नये, आणि तो ऐकत नसेल तर उतरून यावे. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील.

एवढी सारी पाने भरल्यावर वहीत बेरीज होते आणि ती भिशीच्या रकमेहून अधिक निघते. मग काटछाट सुरू होते. आणि येथेच खरी कसोटी आहे. पहिली कात्री कोठे चालते? नववीतील मुलगी हळूच म्हणते, "आजी तर कशातच बसणार नाही. मग तिच्या तिकिटाचे पैसे का घालवायचे?" आजीही तोच सूर धरते, "आते माले काय पाळनामा बसानं शे? तुम्ही जा, मी घर सांभाळस." बेरीज तत्काळ खाली येते. सर्वांना हायसे वाटते आणि कोणाला आपण काही चुकीचे केले असे वाटतही नाही. जत्रेत जे घडणे शक्य नव्हते, ते दारावरच्या तिकिटाने घडविले. पाहणाऱ्यालाही पैसे पडू लागले, म्हणून पाहणारे माणूसच घरी राहिले.

या जागी घरच्या कर्त्यांनी थांबून विचार करावा. आजीला आतमध्ये काहीच नाही, ही समजूत खरी नाही. भारतातील स्थळे आकाशातून पाहिल्याचा भास घडविणारा एक गाजलेला खेळ इमॅजिकात बसल्या जागी पाहता येतो. शिवाय ते उद्यान ज्या रस्त्यावर आहे, त्याच्या दोन्ही अंगांना अष्टविनायकांपैकी दोन स्थाने आहेत: खोपोलीजवळ महडचा वरदविनायक आणि सुमारे चाळीस किलोमीटरवर पालीचा बल्लाळेश्वर. सुरतेहून वेगळी यात्रा काढून आजीला तेथे नेण्याचा योग कधी येणार? जे मुलांच्या सहलीचे ठिकाण, तेच आजीच्या यात्रेचे, असा हा दुर्मिळ मेळ आहे. आणि आजी बाकावर बसून राहिली तरी ती तेथे असते. मुलगा खेळातून उतरून धावत येतो, तो अनुभव सांगावयास. ऐकणारे कोणी नसेल तर त्याच्या आनंदाचा अर्धा भाग वाऱ्यावर जातो.

दुसरेही एक माणूस विसरू नये. सामान सांभाळीत बसण्याचे काम न सांगता आईकडे जाते. ज्या बाईने वर्षभर टिक्या लावून पैसा जमविला, तिने दिवसभर पिशव्यांपाशी बसावे हे बरे नाही. पिशव्या कपाटात ठेवण्याची सोय असेल तर तिचे भाडे द्यावे. नसेल तर वडिलांनी आणि मुलीने पाळी लावावी. आणि आजीचे गुडघे खरोखरच साथ देत नसतील, तर तिला फरफटत नेण्यात माया नाही. अशा वेळी दर्शनाचा दिवस सर्वांचा आणि उद्यानाचा दिवस निम्म्यांचा, असा बेत तिच्या संमतीने करावा. तिने नकार दिला तर तो तिच्या इच्छेचा आहे की बेरजेच्या भीतीचा, हे मुलाने ओळखावे. ते त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाला ओळखता येणार नाही.

या कुटुंबाने अखेर काय केले असेल? वडिलांनी वही आपल्याकडे ओढली. दोन दिवसांचा बेत एका दिवसावर आणला आणि जलक्रीडा पुढल्या खेपेस ठेवली. हॉटेलाऐवजी साधा लॉज लिहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी महड, मग पाली आणि परतीचा प्रवास. आजीचे तिकीट त्यांनी यादीच्या शेवटून काढून पहिल्या ओळीत लिहिले, आणि मुलीला पुन्हा बेरीज करावयास सांगितली. ती भिशीच्या रकमेत बसली.