शिडाची होडी आणि हातातले होकायंत्र

(बऱ्हाणपूर येथे ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तापीकाठच्या या शहरात दर्यावरच्या साधनाविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु येथले कापड मोगल काळात सुरत बंदरातून जहाजाने परदेशी जात असे. आज शेजारच्या खंडवा जिल्ह्यात इंदिरा सागराचे पाणी इतके विस्तीर्ण पसरले आहे की, धुके उतरताच किनारा दिसेनासा होतो. अशा वेळी शिडाच्या लहान होडीत हाती होकायंत्र असणे अगत्याचे आहे.

होकायंत्र दिशा दाखविते. आपण कोठे आहोत हे सांगत नाही. ते आपणच काढावयाचे असते. त्यासाठी किनारा दिसत असतानाच एखादे देवळाचे शिखर व एखादी टेकडी होकायंत्रातून पाहून दोहोंचे अंश टिपावेत. नकाशावर त्या खुणांतून त्या अंशांच्या रेषा ओढल्या असता, जेथे त्या परस्परांस छेदतात तेथे आपली होडी होय. जाताना ६० अंशांवर गेलो असू, तर परतीची दिशा २४० अंश.

शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जात नाही. तिला नागमोडी जावे लागते, शिवाय वारा तिला बाजूस ढकलतो. म्हणून प्रत्येक वळणावर दिशा व वेळ लिहून ठेवावी. लोखंडी नांगर, चाकू व मोबाईल होकायंत्राजवळ ठेवू नयेत. त्यामुळे सुई भरकटते. समोरून येणाऱ्या नावेचे अंश न बदलता अंतर कमी होत असेल, तर टक्कर अटळ समजून वेळीच बाजूस व्हावे.

उपग्रहाची यंत्रे असताना हे कशाला, असे कोणी विचारील. यंत्र भिजते, त्याची बॅटरी संपते. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी यांनी, जेथे उपग्रहाच्या मार्गदर्शनास मनाई असते अशा ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत, २०२३ साली दुसरा क्रमांक पटकाविला.

शिक्षकांनी हा अभ्यास प्रथम शाळेच्या पटांगणावर करवून घ्यावा. नावाड्यांनी तो स्वच्छ उन्हात पाण्यावर करावा. धुके पडल्यावर होकायंत्र शिकता येत नाही.