शरीरातील रक्षक आणि गावाची जबाबदारी

सरपंच, शिक्षक आणि अधिकारी बंधुभगिनींनो,

“लस घेतली, तरी कोरोना झालाच, मग लशीचा उपयोग काय?” २०२१ साली हा प्रश्न अनेकांनी विचारला. पुढच्या साथीतही तो विचारला जाईल. लोक प्रथम आपल्याकडेच येतात. म्हणून त्याचे उत्तर आपल्यापाशी असले पाहिजे.

विषाणू शरीरातील पेशींच्या बाहेर असेपर्यंत रक्तातील प्रतिपिंडे त्याला अडवितात. एकदा तो पेशीत शिरला की ती तेथे पोहोचू शकत नाहीत. मग काम पडते ते मारक टी-पेशींचे. जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आतील प्रथिनांचे बारीक तुकडे पृष्ठभागावर मांडीत असते. त्यांत विषाणूचा तुकडा आढळताच मारक पेशी तिला चिकटते, तिच्या आवरणाला छिद्रे पाडणारी द्रव्ये सोडते आणि तिचा नाश करते. विषाणूची पैदास तेथेच थांबते. ही ओळख कशी पटते, हे पीटर डोहर्टी व रॉल्फ झिंकरनागेल यांनी १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात उलगडले. त्यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यांपैकी डोहर्टी हे पशुवैद्यक होत.

नव्या विषाणूला ओळखणाऱ्या मारक पेशी आरंभी फारच थोड्या असतात. जखम झाली की काखेत वा जांघेत अवधाण येते. ज्या ग्रंथी तेव्हा सुजतात, तशाच ग्रंथींत या पेशी जाग्या होतात आणि एकीच्या दोन, दोहोंच्या चार अशा वाढतात. पुरेशी फौज उभी राहण्यास साधारणतः आठवडा लागतो. तेवढ्या अवधीत विषाणू वाढतो आणि इतरांकडेही जातो. रोग हटल्यावर बहुतेक मारक पेशी मरतात. थोड्या मात्र स्मृती जपून मागे राहतात व पुढच्या वेळी लवकर धावून येतात.

अनेक लशी ही स्मृती आजाराविना निर्माण करतात. म्हणून लस घेतलेल्यास संसर्ग होऊ शकतो, पण तो जिवावर बेतण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. उतारवयात नव्या टी-पेशी फार थोड्या तयार होतात. यास्तव वृद्धांना लस आधी दिली पाहिजे.

तथापि लस हाती येईपर्यंत तो आठवडा गावाने सांभाळावयाचा असतो. त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या मार्गदर्शनाखाली हेच केले. घरोघर तपासणी झाली, बाधितांचे वेळीच विलगीकरण झाले आणि मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त झाले. पुढच्याच महिन्यात राज्य शासनाने ‘कोरोनामुक्त गाव’ स्पर्धा जाहीर केली.

विलगीकरण म्हणजे बहिष्कार नव्हे. रुग्णाच्या शरीराला त्याची फौज उभारण्यास आणि शेजाऱ्याला सुरक्षित राहण्यास दिलेला तो अवधी आहे. त्या काळात रुग्णाच्या घरी दूध, किराणा व औषध पोहोचविणे आणि त्याच्या गुरांना चारापाणी करणे, हे ग्रामपंचायतीचे कर्तव्य आहे. ते पार पडले, तर आजार लपविण्याची पाळी कोणावर येणार नाही.