गाडी हलवण्याआधी



कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटात ट्वेन्टीनाइन पाम्स इथं अमेरिकेच्या मरीन सैनिकांचा अफाट तळ आहे. तिथं खऱ्या दारूगोळ्यानं सराव चालतो. पण उभी गाडी हलवण्याआधी सैनिकानं खाली वाकून पाहायचं, असा तिथला दंडक आहे. सावली शोधत आलेलं कासव चाकाशी टेकून बसलेलं असू शकतं.

दिसलं तरी त्याला उचलायचं नाही. हे कासव पावसात पोटभर पाणी पितं, ते मूत्राशयात साठवतं आणि त्यावर कोरडे महिने काढतं. घाबरलं की हेच पाणी सोडून देतं. कौतुकानं उचललेलं कासव पुढे उन्हाळ्यात तहानेनं मरू शकतं!

मोहावीतलं हे कासव 1990 पासून अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. रस्ते, वस्त्या, श्वसनाचा रोग, दुष्काळ, सगळंच त्याच्या मुळावर आलं. त्यात डोमकावळे. माणसाच्या कचऱ्यावर आणि पाण्यावर पोसून वाळवंटात त्यांची संख्या अनेक पटींनी वाढली. कासवाचं नवजात पिल्लू जेमतेम काडेपेटीएवढं असतं आणि त्याची पाठ आपल्या नखासारखी लवचीक. ती टणक व्हायला पाच-सात वर्षं लागतात. तोवर कावळ्याची एक चोच पुरते. काही घरट्यांखाली भोकं पडलेल्या इवल्या कवचांचा खच सापडला आहे.

म्हणून 2005 मध्ये मरीन दलानं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या शास्त्रज्ञांबरोबर तळावरच संगोपन केंद्र उभारलं. माद्यांचा एक्स-रे काढून पोटात अंडी आहेत का ते बघतात, अंडी घालेपर्यंत त्यांना आवारात ठेवतात आणि मग मूळ जागी सोडतात. पिल्लं मात्र वरून जाळी घातलेल्या कुंपणात, पाठ घट्ट होईपर्यंत वाढतात. मला या कामातलं हे सर्वांत मोलाचं वाटतं.

कासवं हलवण्याबद्दल मात्र मन साशंक आहे. सरावाला जास्त जमीन हवी, म्हणून 2008 मध्ये मोहावीतल्याच फोर्ट अर्विन तळावरून सहाशेच्या आसपास कासवं दुसरीकडे नेली. नेमका दुष्काळ होता. सशांची संख्या घटलेली, आणि कायोटी, म्हणजे तिकडचे कोल्ह्यासारखे प्राणी, भुकेले. त्यांनी इतकी कासवं मारली की स्थलांतर थांबवावं लागलं. ट्वेन्टीनाइन पाम्सचा तळ वाढवला, तेव्हा मरीन दलानं 2017 मध्ये हजाराहून अधिक कासवं हलवली. त्याआधी कित्येक वर्षं त्यांचा अभ्यास केला, रोगाची तपासणी केली, अनेकांच्या पाठीवर ट्रान्समीटर चिकटवले. ही काळजी खरीच. तरी जमीन गेली ती गेलीच, आणि ती सैन्यासाठीच गेली, हेही सांगायला हवं.

हे कासव वयात यायलाच पंधरा-वीस वर्षं घेतं. केंद्राच्या पहिल्या वर्षांत जाळीखाली वाढलेली मादी आज कुठे अंडी घालण्याच्या वयाला येते आहे.