घर विकणे आहे, पण कागद कुणाच्या नावावर?



परवा गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि एका ताईंनी मोबाइल पुढे केला. जपानमधलं एक घर विक्रीला होतं. शांत गाव, मागे डोंगर, घर नव्या पद्धतीचं. किंमत मात्र आपल्या तालुक्याच्या गावातल्या फ्लॅटपेक्षा कमी! ताई म्हणाल्या, "एवढं चांगलं घर, मग कुणी घेत कसं नाही?" आम्ही सगळ्याच विचारात पडलो. मग जी माहिती मिळाली, ती आज तुम्हाला सांगतो.

जपानच्या नागानो प्रांतात साकु नावाचं छोटं शहर आहे. जवळ आसामा ज्वालामुखी, मधून चिकुमा नदी, हिवाळ्यात कडाक्याची थंडी. अशा भागातल्या नव्या घरांच्या खिडक्यांना दुहेरी काचा असतात. दारात चपला काढायची जागा, मग पायरी चढून आत जायचं. स्वयंपाक, जेवण आणि बैठक एकाच मोठ्या खोलीत. न्हाणीघर वेगळं, संडास वेगळा. एखाद्या खोलीत तातामी, म्हणजे जाड गवती चटया. जागा मोजतात त्सुबोमध्ये. एक त्सुबो म्हणजे दोन चटयांएवढी, साधारण ३५ चौरस फूट.

मग स्वस्त का? तिथे बहुतेक घरं लाकडी. कराच्या हिशेबात लाकडी घराचं आयुष्य २२ वर्षं धरतात. बाजारातही घर जुनं झालं की त्याची किंमत उतरत जाते, उरते ती जमिनीची. त्यात तरुण मंडळी शहरात गेली, मुलं कमी जन्मतात. २०२३ च्या सरकारी पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी आढळली. म्हणजे सात घरांमागे जवळजवळ एक! म्हणून साकुसारख्या अनेक ठिकाणी नगरपालिकाच रिकाम्या घरांची यादी ठेवते आणि गिऱ्हाईक गाठून देते.

पण काही घरं विकताच येत नाहीत. कागदावर आजोबा-पणजोबांचं नाव आणि वारस चार गावांना पांगलेले. सह्या कुणाकुणाच्या आणणार? म्हणून १ एप्रिल २०२४ पासून तिथे कायदा झाला. वारसाहक्क मिळाल्याचं कळल्यापासून तीन वर्षांत नोंद करायचीच. विनाकारण टाळली, तर एक लाख येनपर्यंत दंड.

एजंटामार्फत घर घेताना आणखी एक नियम आहे. सही करण्याआधी परवानाधारक जाणकाराने रस्ता, पाणी, सांडपाणी, पुराचा धोका हे सगळं लेखी देऊन समजावून सांगायचं. परदेशी माणसालाही घर घेता येतं, पण घर घेतलं म्हणून तिथे राहायचा परवाना मिळत नाही.

मैत्रिणींनो, हे ऐकून आम्हाला आमच्याच गटातली एक ताई आठवली. नवरा गेला, घर अजून सासऱ्यांच्या नावावर. वारस नोंद नाही म्हणून घरकुलासाठी दोन वर्षं तिने हेलपाटे घातले. भिंती तिने सारवल्या, पण कागदावर ती नव्हतीच.

म्हणून आमच्या गटाने ठरवलंय. या महिन्यात प्रत्येकीने ग्रामपंचायतीतून घराचा नमुना ८ चा उतारा काढायचा आणि बैठकीत मोठ्याने वाचायचा. वारस नोंद राहिली असेल तर अर्ज करायचा. पतीबरोबर पत्नीचंही नाव लावता येतं, तेही विचारायचं. आणि वाचून घेतल्याशिवाय कुठेच सही नाही, अंगठा नाही.

तुमच्या उताऱ्यावर कुणाचं नाव आहे? पुढच्या बैठकीला बघून या. नमस्कार!